गळ्यातला आरसा

सत्तावीस वर्षे गाणे शिकवल्यावर मी माझा गळा पहिल्यांदा पाहिला. मरोळच्या माझ्या वर्गात तेव्हा परीक्षेची घाई चालू होती. सकाळी तंबोऱ्याबरोबर आवाज बरा लागे, संध्याकाळच्या तिसऱ्या तुकडीपर्यंत तार षड्ज फुटू लागे आणि रात्री घरी बोलायला जावे तर नुसती हवा बाहेर येई. ज्येष्ठमध, हळद-दूध, खडीसाखर, मिठाच्या गुळण्या हे सगळे करून झाले. दीड महिन्याने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकातून एक बारीक नळी आत सरकवली आणि समोरच्या पडद्याकडे बघायला सांगितले. दोन पांढुरक्या पट्ट्या उघडत-मिटत होत्या. दोन्ही पट्ट्यांच्या कडेवर समोरासमोर एकेक बारीक उंचवटा होता.

"मॅडम, गाता किती ते नंतर सांगा," डॉक्टर म्हणाले. "दिवसभरात बोलता किती?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. विशारदच्या परीक्षेसाठी मी स्वरयंत्राची आकृती काढून तिचे भाग दाखवायला शिकले होते. त्या आकृतीतल्या रेघा आणि पडद्यावर हलणाऱ्या या पट्ट्या एकच आहेत, हे मनात उतरायला मात्र वेळ लागला. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. काही आठवडे विश्रांती आणि मग स्पीच थेरपिस्टकडे नियमाने जाणे, एवढ्यावर भागले. सक्तीच्या त्या शांत दिवसांत मी एका प्रश्नाचा पाठलाग सुरू केला. गाणे शिकवणाऱ्याने गळ्याविषयी काय जाणावे, हे आजवर कोणी, कधी आणि कसे शोधले? हा लेख त्या शोधातून आला आहे.

*

शोधाची सुरुवात आपल्याच भूमीत होते. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीला यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत येऊन स्थिरावले. शार्ङ्गदेव राज्याचा हिशेब सांभाळत असे, आणि वैद्यकही जाणत असे. त्याचा 'संगीतरत्नाकर' आपण सगळेच नावाने ओळखतो. परीक्षेच्या पुस्तकात त्यातल्या श्रुती आणि जाती येतात. पण ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात, स्वरांची चर्चा सुरू होण्याआधी, पिंडोत्पत्तीचे प्रकरण आहे. गर्भ कसा वाढतो, शरीराची घडण कशी असते, हे तो संगीताच्या ग्रंथात सांगतो. नाद देहातून निघतो, तेव्हा आधी देह समजून घ्या, असा त्याचा क्रम आहे.

हृदयात मंद्र, कंठात मध्य आणि मस्तकात तार अशी नादाची तीन स्थाने तो सांगतो. वरचे स्थान खालच्याच्या दुप्पट. आजच्या ध्वनिशास्त्राप्रमाणे तिन्ही सप्तकांचा आवाज स्वरयंत्रातच निर्माण होतो. तरीही खर्ज लावताना छातीवर हात ठेवून पाहिला, तर शार्ङ्गदेव काय म्हणतो ते हाताला कळते. गाणाऱ्याला जाणवणारी कंपने त्याने बरोबर टिपली होती. आणि दुपटीचे गणित तर आजही तसेच आहे : तार षड्जाची कंपने मध्य षड्जाच्या दुप्पट असतात.

मला जास्त खिळवून ठेवले ते तिसऱ्या, प्रकीर्णक अध्यायाने. इथे गायकाच्या आवाजाची चिकित्सा आहे. आवाजाचे चार प्रकार सांगून त्यांची सांगड तो थेट आयुर्वेदाशी घालतो : खाहुल कफाचा, नाराट पित्ताचा, बोंबक वाताचा आणि चौथा मिश्रक. आवाजाचे पंधरा गुण आणि आठ दोष तो मोजतो. रूक्ष, स्फुटित, निःसार, काकोली, कृश, भग्न ही त्या दोषांतली काही नावे. संध्याकाळच्या तिसऱ्या तुकडीतला माझा तार षड्ज 'स्फुटित' होता आणि रात्रीचा आवाज 'निःसार', हे निदान मला साडेसातशे वर्षांपूर्वीच्या पोथीत मिळाले.

गायकाचे पंचवीस दोष त्याने वेगळे दिले आहेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट, भेसूर तोंड पसरणारा कराली, गाल भोपळ्यासारखे फुगवणारा तुंबकी, मान वाकडी करणारा वक्री, नाकात गाणारा सानुनासिक. डोळे मिटून गाणारा निमीलकही या यादीत आहे, हे आजच्या मैफलीत सांगायची सोय नाही! या यादीकडे शिक्षकाच्या नजरेने पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. यातले बरेच दोष डोळ्यांना दिसणारे आहेत. जबडा, गाल, मान यांवरचा ताण बाहेरून पाहून आत काय बिघडते आहे याचा अंदाज बांधायचा, ही रीत आजचा थेरपिस्टही वापरतो. माझ्या पहिल्या भेटीत त्या बाईंनी मला गायला लावण्याआधी माझा जबडा हाताने हलवून पाहिला होता.

शार्ङ्गदेवाला जे दिसू शकत नव्हते, ते म्हणजे गळ्याच्या आतले. ते पाहायला आणखी सहाशे वर्षे जावी लागली. आणि ते पाहणारा गाण्याचा मास्तर होता.

*

मॅन्युएल गार्सिया हा मूळच्या स्पॅनिश गायक घराण्यातला. स्वतःची रंगभूमीवरची कारकीर्द लवकर सोडून तो शिकवण्याकडे वळला. १८४१ साली येनी लिंड ही तरुण स्वीडिश गायिका त्याच्याकडे पॅरिसला आली, तेव्हा तिचा आवाज अतिश्रमाने खचलेला होता. त्याने तिला लगेच शिकवायला घेतले नाही. आधी काही आठवडे गाणे पूर्ण बंद आणि बोलणेही जेवढ्यास तेवढे, असे सांगितले. त्यानंतर शिकवणी सुरू झाली आणि पुढे ती युरोपभर गाजली.

गार्सियाला हे अनुभवाने कळत होते. आत काय घडते ते मात्र डोळ्यांनी बघायचे होते. १८५४ साली पॅरिसमध्ये फिरताना काचेवर चमकलेला सूर्यप्रकाश पाहून त्याला युक्ती सुचली, असे तो सांगत असे. दंतवैद्य वापरतात तसा लांब दांड्याचा छोटा आरसा त्याने विकत घेतला, कोमट पाण्यात धरून पुसला, घशात मागे टेकवला आणि हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले. जिवंत माणसाचे स्वरतंतू गाताना कसे हलतात ते त्याला दिसले. गळा त्याचा स्वतःचाच होता. १८५५ साली त्याची निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचली गेली. तेव्हा तो पन्नास वर्षांचा होता. त्या आरशाचे मोल वैद्यांनी पुढच्या काही वर्षांत ओळखले आणि घशाच्या रोगांची स्वतंत्र वैद्यकशाखा उभी राहिली. माझ्या नाकातून गेलेली नळी ही त्याच आरशाची पणती. गार्सिया १०१ वर्षे जगला आणि नव्वदीपर्यंत शिकवत राहिला.

पुढची साखळी थोडक्यात सांगते. १८७८ साली ओर्टेल या जर्मन वैद्याने लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतू पाहिले, त्यामुळे डोळ्यांना न पकडता येणारी कंपने संथ झाल्यासारखी दिसू लागली. १९५८ साली डच शास्त्रज्ञ व्हान डेन बर्ग याने स्वरतंतूंच्या हालचालीचे गणित मांडले : फुफ्फुसातून येणारी हवा तंतूंना दूर ढकलते, त्यांची लवचिकता आणि हवेच्या झोताचे ओढणे त्यांना पुन्हा जवळ आणते. म्हणजे प्रत्येक कंपनाला मज्जातंतूंचा हुकूम लागत नाही. योग्य ताण आणि योग्य श्वास मिळाला की ते आपले आपण चालते. आपले बुजुर्ग "आवाज लावू नकोस, लागू दे" असे सांगतात, त्याचे भौतिकशास्त्र इथे आहे.

गणित आपल्या पेटीवर करून पाहू. बायकांची पट्टी बहुधा काळी चारच्या आसपास असते. तो षड्ज लावला की स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांना भिडतात. सलग तासभर तोच सूर धरला, तर हा आकडा साडेसात लाखांच्या घरात जातो. तार षड्जाला दुप्पट. या तंतूंची लांबी बोटाच्या एका पेराहूनही कमी असते.

*

आता प्रश्न असा, की गुरुकुलात दिवसदिवस मेहनत करणाऱ्या जुन्या मंडळींना हा हिशेब का कळावा लागला नाही? गळे तेव्हाही बिघडत असतीलच. पण शिकवण्याचा व्यवसाय तेव्हा वेगळा होता. गुरूपुढे एक-दोन शिष्य, गुरूच्या सवडीने तालीम, बराचसा वेळ शिष्याने ऐकायचे. गुरूचा गळा मुख्यतः गाण्यासाठी राखलेला असे.

हे चित्र पालटले ५ मे १९०१ रोजी, लाहोरला. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे मिरजेत तयार झालेले शिष्य, यांनी तिथे गांधर्व महाविद्यालय काढले. तुकड्या, वेळापत्रक, छापील क्रमिक पुस्तके, परीक्षा अशी व्यवस्था त्यांनी उभी केली आणि १९०८ साली ती मुंबईत आणली. गाणे घरंदाज मुलामुलींपर्यंत पोचले, त्याचे मोठे श्रेय या व्यवस्थेला आहे. मीही तिचीच लेक आहे.

शाळा काढली तर शिक्षक लागणार, हे पलुसकरांनी ओळखले होते. त्यासाठी त्यांनी उपदेशक वर्ग चालवला. विद्यार्थ्यांनी विद्यालयातच राहायचे, नऊ वर्षे शिकायचे आणि मग बाहेर पडून शिकवायचे. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर हे त्यांच्याच विद्यालयात घडले. संगीतशिक्षकांच्या शिक्षणाचा इतका गंभीर प्रयोग आपल्याकडे त्याआधी झालेला मला आढळला नाही. १९३१ साली पलुसकर गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. गावोगावच्या वर्गांना त्याच्या परीक्षांनी एक समान शिडी दिली.

या व्यवस्थेबरोबर 'संगीतशिक्षक' नावाचा एक नवा कामगार जन्माला आला, हे मात्र कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही. तो वीस मुलांसमोर पेटीच्या वर आवाज चढवून बोलतो, प्रत्येक ओळ गाऊन दाखवतो, मुलांबरोबर पुन्हा गातो, चुकले की तिसऱ्यांदा गातो. एका तुकडीनंतर दुसरी येते. मैफलीच्या गवयापेक्षा त्याचा गळा जास्त तास राबतो, आणि त्याला टाळ्याही मिळत नाहीत. विद्या मैफलीच्या गवयाची, काम शाळामास्तराचे. या कामासाठी लागणारे गळ्याचे ज्ञान वेगळे आहे, हे ओळखणारा माणूस पलुसकरांच्याच शिष्यांतून पुढे आला.

*

बाळकृष्ण रघुनाथ देवधर, म्हणजे प्रा. बी. आर. देवधर, मिरजेचे, जन्म १९०१. पलुसकरांकडची तालीम झाल्यावर त्यांनी १९२५ साली मुंबईत ऑपेरा हाउसजवळ 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक' सुरू केले. दुसऱ्या कोणी एवढ्यावर स्वतःला पूर्ण शिक्षक मानले असते. देवधर मात्र पुन्हा विद्यार्थी झाले. स्क्रिंझी नावाच्या युरोपीय संगीतकाराकडे ते पाश्चात्त्य संगीत शिकले. अनेक घराण्यांच्या गवयांकडे बसून चिजा घेतल्या. 'संगीत कला विहार' मासिकाचे संपादन केले. 'थोर संगीतकार'मधली त्यांची व्यक्तिचित्रे वाचताना कळते, की हा माणूस गवयाचे गाणे ऐकताना त्याचा गळा, त्याचे बसणे, त्याची मेहनत हे सगळे न्याहाळत असे.

आवाजाची जोपासना हा विषय त्यांनी हौसेखातर घेतला नव्हता. १९३६ साली अकरा-बारा वर्षांचा शिवपुत्र कोमकली त्यांच्याकडे आला, तो कुमार गंधर्व ही पदवी आणि देशभर गाजलेला बालगायकाचा लौकिक घेऊनच. आणि या मुलाचा आवाज फुटण्याचे वय तोंडावर आले होते. त्या वयात मुलाचे स्वरयंत्र काही महिन्यांत वाढते, तंतू लांब आणि जाड होतात, आवाज सुमारे एका सप्तकाने खाली येतो. त्या काळात सूर हातातून निसटतो. शिक्षकाने घाई केली, जुन्याच पट्टीत ओढून धरले, तर आवाजही जाऊ शकतो आणि मुलाचा विश्वासही. अशा विद्यार्थ्यांना सांभाळणाऱ्या शिक्षकाला "रियाज कर" एवढे उत्तर पुरत नाही. देवधरांनी पाश्चात्त्यांचे स्वरशास्त्र अभ्यासले आणि ते ख्यालगायनाच्या गरजांना लावून पाहिले. आपल्याकडे हा विषय शास्त्र म्हणून उभा राहिला, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

त्यांच्याकडे आवाजाची विद्या घेणाऱ्यांत अशोक दा. रानडे होते. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक. पुढे नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात त्यांनी काम केले. रानड्यांनी प्रश्नाची कक्षा रुंदावली. गाणारा गळा आणि बोलणारा गळा एकच आहे, हे त्यांनी कार्यशाळांतून नटांना, निवेदकांना आणि गायकांना एकत्र बसवून दाखवले. 'भाषणरंग' हे त्यांचे पुस्तक व्यासपीठावरच्या आणि रंगपीठावरच्या बोलण्याविषयी आहे. माझ्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न, "बोलता किती?", हा रानड्यांच्या विचाराच्या अगदी जवळचा. २०११ साली ते गेले.

शार्ङ्गदेव, गार्सिया, देवधर, रानडे ही चार माणसे एका ओळीत ठेवली, की त्यांच्यातले साम्य दिसते. आपल्या विद्येत मान्यता मिळाल्यावर शेजारच्या विद्येच्या दारात जाऊन उभे राहण्याचा संकोच यांतल्या कोणालाही वाटला नाही.

*

परत मरोळला येते. आमच्या एका बाजूला विमानतळ आहे, अंधेरी-कुर्ला रस्त्यावर २०१४ पासून डोक्यावरून मेट्रो धावते. १९११ साली एतिएन लोंबार या फ्रेंच वैद्याने नोंदवले, की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. त्याला आजही 'लोंबार परिणाम' म्हणतात. नकळत हा शब्द महत्त्वाचा. विमान गेल्यावरही मी चढवलेलाच आवाज चालू ठेवायचे, हे मला थेरपिस्टने माझेच ध्वनिमुद्रण ऐकवून दाखवले. आता विमान आले की मी थांबते. मुलांना सुरुवातीला गंमत वाटली, नंतर सवय झाली. मधल्या वेळात तंबोरा ऐकायचा.

दुसरी गोष्ट पट्टीची. मरोळची जुनी ईस्ट इंडियन वस्ती आणि तिचे चर्च सगळ्यांना माहीत आहे. सध्याच्या सीप्झच्या आवारातले पोर्तुगीज काळातले चर्च १८४०च्या साथीत सोडून ती मंडळी मरोळला आली. चर्चच्या गायकवृंदात गायकांची वाटणी आवाजाच्या जातीप्रमाणे होते : सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. आधी गळा पाहायचा, मग जागा द्यायची. आमच्या वर्गात आधी पेटीची पट्टी ठरते आणि वीस गळे तिच्यात बसवले जातात, कारण तबला एकाच सुरात मिळवलेला असतो. एकल गायनाच्या आपल्या परंपरेत खरे तर ज्याची त्याची पट्टी हा नियम आहे. सामूहिक वर्गाने तो मोडला, आणि सोय म्हणून आपण ते मान्य केले. आता मी तुकड्या वयाप्रमाणे न करता पट्टीप्रमाणे करते. चौदा वर्षांचा एक मुलगा वर्ग सोडायच्या बेतात होता; त्याला वर्षभर चार-पाच सुरांतच गायला दिले आणि उरलेला वेळ तालाला लावला. तो टिकला.

तिसरी गोष्ट शिकण्याची. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये व्हॉइस फाउंडेशन स्थापन झाले. १९७२पासून त्यांच्या वार्षिक परिषदेत घशाचे सर्जन, ध्वनिशास्त्रज्ञ, स्पीच थेरपिस्ट आणि गाण्याचे शिक्षक एकत्र बसतात. आपल्याकडे यातली माणसे नाहीत असे नाही. म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५ची. वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३पासून आहे. नायर रुग्णालयात वाक्-उपचाराचे शिक्षण मिळते. आमच्या शेजारी पवईच्या आयआयटीत प्रीती राव यांच्या गटाने हिंदुस्थानी गायनातल्या स्वरांच्या हालचालीचे संगणकाने आलेख काढले आहेत. म्हैसूर सोडले, तर मुंबईतल्या मुंबईत हे सगळे आहे. पण सत्तावीस वर्षांत मला तिथे जायची गरज वाटली नव्हती, कारण माझे शिक्षण विशारदला संपले असे मी धरले होते. आजारी पडल्यावर रुग्ण म्हणून गेले. शिक्षक म्हणून आधीच जायला हवे होते.

फार काही लागत नाही. वर्षातून दोन दिवस पुरतात. शिक्षकांनी स्वतःचे स्वरतंतू एकदा पडद्यावर पाहावेत. वाढत्या मुलांचे आवाज कधी थांबवायचे ते थेरपिस्टकडून समजून घ्यावे. पाण्याच्या पेल्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत सूर धरण्याचा व्यायाम शिकावा. दिसायला पोरकट असला तरी थकलेल्या गळ्याला त्याने आराम मिळतो. आणि आपणही त्यांना काही द्यावे. खर्जाची मेहनत, मींड, आकार यांतले आपले बारकावे त्यांच्या पाठ्यपुस्तकांत अजून पुरते गेलेले नाहीत.

यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी मी आसपासच्या आठ शिक्षकांना वर्गावर बोलावले. माझ्या थेरपिस्ट बाईही आल्या. त्यांनी पहिला प्रश्न केला, "तुमच्यापैकी कितीजणांचा आवाज संध्याकाळी बसतो?" थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकेक करत सहा हात वर झाले. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ मास्तर, वय एकाहत्तर, हळूच म्हणाले, "मला वाटायचं, माझंच रियाजात काहीतरी कमी पडतंय."

पुढची बैठक जानेवारीत ठरली आहे.